निळ्या दोऱ्याचा डबा

सुरमईचं डोकं उडवायला वेणूला एकच घाव पुरायचा. त्या रविवारी तीन लागले, आणि तिसऱ्याला कोयता ठोकळ्यात असा रुतला की पाय देऊन ओढावा लागला.

"परत वाच," ती सुनेला म्हणाली.

नेत्राने ओढणीला हात पुसले आणि फोन वर धरला. "राजरत्न उबाळे. एक तारा. 'थर्ड क्लास खानावळ. चुकूनही इथलं जेवू नका.' पुढे अजून आहे आई. तीन टिंबं आहेत. दाबू?"

"काय करायचंय दाबून? एवढं पुरं नाय का?"

नेत्राने फोन खाली ठेवला. वेणूने माशाच्या पोटात बोटं घातली आणि आतलं सगळं एका हिसक्यात बाहेर ओढलं.

खरवईत आता माणसाला भूक लागली की तो पोटाला विचारत नाही, फोनला विचारतो. वेणूच्या सासऱ्याने जिथे भात लावला तिथे आज बावीस मजले उभे आहेत. त्या मजल्यांवर राहायला आलेली माणसं शेजाऱ्याचं नाव विचारत नाहीत, पण डोसा कुठे चांगला मिळतो आणि त्या हॉटेलाला किती तारे आहेत ते तोंडपाठ सांगतात. कोपऱ्यावरची पत्र्याची 'वेणूमावशीची खानावळ' तेवढी जुनी राहिली. वेणूच्या मुलाने, अल्पेशने, तीही फोनवर चढवली. ताऱ्यांचा आकडा चार पॉइंट सात झाला तेव्हा त्याने तो फ्लेक्सवर छापून दारात टांगला, वेणूच्या फोटोच्या शेजारी. वेणूला सहीपुरतं येत होतं, बाकी अक्षर काळं की गोरं ते माहीत नव्हतं. पण रोज दुपारची भांडी झाली की ती पाय पसरून बसायची आणि नेत्राने एकेक रिव्ह्यू मोठ्याने वाचायचा. कुणी भाकरीला नावाजलं, कुणी कोलंबीच्या कालवणाला. प्रत्येकाखाली अल्पेशने हात जोडलेलं चित्र टाकून 'धन्यवाद, पुन्हा या' लिहिलेलं असायचं.

आणि सगळ्यांत लाडका रिव्ह्यू होता तो ह्याच राजरत्नचा. दोन महिन्यांपूर्वीचा, पाच ताऱ्यांचा. 'मावशीच्या हातची सुरमई खाल्ली आणि आईची आठवण आली.' तो तिने मासेवाल्या गोदूला ऐकवला होता, दूधवाल्याला ऐकवला होता, गॅस द्यायला आलेल्या माणसाला उन्हात उभं करून ऐकवला होता. नेत्राला तो न बघता म्हणता यायचा.

आता त्याच नावापुढे एकच तारा. पंधरा दिवसांत असे अकरा पडले होते. आकडा तीनावर आला होता. बावीस मजल्यांवरून जेवायला उतरणारी माणसं समोरच्या टॉवरखाली उघडलेल्या काचेच्या हॉटेलात जायला लागली होती, आणि जाताना वेणूच्या फ्लेक्सकडे बघून हसायची. हसायची की नाही ते देव जाणे. वेणूला तसं दिसायचं.

बाकीची दहा नावं ऐकून तिला चेहरे आठवत नव्हते. हा आठवत होता. मागच्या इमारतीत भाड्याने राहणारा, खरवईच्या एमआयडीसीत मशीनवर कामाला जाणारा, मान खाली घालून बोलणारा पोरगा. वेणूकडे चाळीस डबे होते, आणि नावं वाचता येत नाहीत म्हणून प्रत्येकाच्या कडीला तिने रंगीत दोरा बांधला होता. राजरत्नचा निळा. कुठल्या दोऱ्यात काय घालायचं आणि काय नाही ते तिच्या हाताला पाठ होतं, डोक्याला कधी विचारावं लागलं नाही.

अल्पेश मागच्या दाराने आला तेव्हा ती कोयता धुवत होती.

"वाचलंस ना?" ती म्हणाली.

"वाचला. हे बाहेरून आलेले लोक ना आये, त्यांची डेअरिंग वाढलीय. आपल्याच गावात राहून आपल्यालाच..."

"सा महिने जेवतोय माझ्या हातचं. आजारी होता तवा पेज पाठवली मी. आन माझ्या अन्नावर थुकला?" तिने कोयत्याचं पातं बोटाने पुसलं. "ज्या हातानं लिवलं तो हात धड ऱ्हायला नको. आन तो धड हाय तवर तू मना तोंड दाखवू नको."

नेत्रा म्हणाली, "आई, असं काय बोलता?"

"तू कांदा काप."

वेणू असं रोजच बोलायची. तिच्या तोंडून दिवसात दोनचार जणांच्या तंगड्या मोडायच्या, एखाद्याचा मुडदा पडायचा आणि संध्याकाळी तोच माणूस येऊन भाकरी खाऊन जायचा. पण अल्पेश त्या दिवशी हसला नाही. कोपऱ्यातली सेंट्रिंगची सळई उचलून त्याने हातात तोलून पाहिली आणि बाहेर गेला. वेणूने ते पाहिलं. पाहिलं आणि तोंड फिरवलं. हे पुढे तिला स्वतःशीच कबूल करायला तीन दिवस लागले.

खानावळीच्या मागे नाला आहे, आणि नाल्याच्या कडेने इमारतीच्या मागच्या गेटपर्यंत पायवाट. रोज सहाच्या सुमारास राजरत्न त्याच वाटेने दुपारचा डबा परत करायला यायचा. त्या रविवारी सहाला वेणू भाकरी थापत होती. पत्र्यापलीकडे पावलं वाजली, मग धावण्याचा आवाज आला, मग एक प्रश्न.

"कोण आहे? अरे, काय केलं मी?"

पहिला दणका मऊ आला, ओल्या गोणीवर बसल्यासारखा. दुसऱ्याला पोरगा ओरडला. तिसऱ्याला पत्र्याचा खणखणाट झाला, डब्यावर बसला होता तो. चौथ्याला जो आवाज आला तो वेणूला ओळखीचा होता. मटणाची नळी फोडताना तसाच येतो. त्यानंतर ओरडणं थांबलं आणि कुत्र्याच्या पिलासारखं काहीतरी सुरू झालं, आणि मग तेही थांबलं.

नेत्रा उठून उभी राहिली होती. "आई."

वेणूने भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. बोटं भाजेपर्यंत तिथेच धरली.

अल्पेश आत आला तेव्हा डोक्यावर हेल्मेट होतं, तोंडाला रुमाल होता आणि मनगटावर दुसऱ्याचं रक्त. "काम झालं," तो म्हणाला. "उजवा. दोन जागी. हेल्मेट होतं तिघांना, ओळखलं नाय त्यानं."

वेणूने ताट वाढलं. सुरमईचा सगळ्यांत जाड तुकडा घातला. लेक जेवला आणि ती समोर बसून बघत राहिली. तिला बरं वाटत होतं. पोट भरल्यावर वाटतं तसं बरं. कुणी काहीही म्हणो, त्या घटकेला तिला बरंच वाटलं होतं.

दोन दिवस गावात बोलणं चाललं. कुणी म्हणे मोबाइल चोरणारे होते, कुणी म्हणे इमारतीच्या वॉचमनचा, हिरामणचा, हात असेल, मागच्या गेटावर तोच असतो आणि नेमका तेव्हाच तिथे नव्हता. खानावळीत गिऱ्हाईकं हेच बोलायची आणि वेणू वाढत राहायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दारात येऊन उभी राहिली. बारीक अंगाची, पन्नाशीची, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. रात्रभर न झोपलेल्या माणसाचे डोळे.

"जय भीम, ताई. मी शालन. राजरत्नची आई. अंबरनाथला असते, धाकट्याकडे, आकाशकडे."

वेणूच्या हातातलं पीठ परातीत गळून पडलं. "या," ती म्हणाली.

शालन बसली नाही. पिशवीतून तिने डबा काढला. निळा दोरा होता, पण डबा डबा राहिला नव्हता. एक बाजू आत गेली होती, मुठीएवढी. झाकण बसत नव्हतं म्हणून वर फडकं बांधलं होतं.

"हा त्यानं डोक्यावर धरला होता. डॉक्टर म्हणाले, धरला नसता तर डोकं फुटलं असतं. उजवा हात कोपराखाली दोनदा मोडलाय. जबडा तारेनं बांधलाय. बोटं हलत नाहीत अजून, सांगता येत नाही म्हणतात. मशीनवर काम आहे हो त्याचं, बोटांचंच काम." ती हे सगळं एका सुरात बोलली, इस्पितळात दहा जणांना सांगून झाल्यासारखं. "तुमचं भांडं आमच्याकडे पडून नको म्हणून आणला. ठोकून सरळ होतं का बघा."

वेणूने फडकं सोडलं. आत मूठभर साखर होती.

"हे कशाला?"

"रिकामा कसा देऊ, ताई? आणि तुमचे उपकार आहेत. त्यानं इथं डबा लावला तेव्हा मीच ओरडले त्याला. म्हटलं, खरवईत आगऱ्याच्या खानावळीत तुला बिनमाशाचं कोण देणार? लहानपणी एकदा मांदेलीचा रस्सा ओठाला लागला तर घसा सुजून श्वास अडकला होता त्याचा, मरता मरता वाचला. तेव्हापासून वास आला तरी उठून जातो. तर मला म्हणाला, आई, तू घाबरू नको. मावशी माझ्यासाठी पळीसुद्धा वेगळी ठेवते."

वेगळी पळी वेणूच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेली होती. तिच्याही दांड्याला निळा दोरा होता.

शालन गेली. वेणूने ती पळी खाली काढली आणि पुन्हा खिळ्याला लावली. मग तिने नेत्राला हाक मारली, आणि तो आवाज ऐकून नेत्रा धावतच आली.

"ती टिंबं दाब."

नेत्राने शोधलं, दाबलं आणि वाचलं. "'थर्ड क्लास खानावळ. चुकूनही इथलं जेवू नका. सुरमई शिळी होती, खाऊन दोन दिवस जुलाब झाले. मासे ताजे नसतात. मावशीला फक्त गोड बोलता येतं.'"

"सुरमई," वेणू म्हणाली.

"आई, पहिल्यातपण सुरमईच होती. 'आईची आठवण आली' त्यात."

तेवढं वेणूला कळलं होतंच. दोन महिने ती तो रिव्ह्यू गावाला ऐकवत होती, आणि त्याच दोन महिन्यांत रोज ह्याच हाताने निळ्या दोऱ्याच्या डब्यात डाळ नाहीतर अंडं घालत होती. कौतुक होतं तेव्हा तिच्या डोक्याने हाताला एकदाही विचारलं नाही.

अल्पेश दुपारी आला तो शीळ घालत. वेणूने त्याला बसू दिलं, आणि मग उकळत्या आमटीतली पळी उचलून त्याच्या खांद्यावर हाणली. तो किंचाळून उठला, बाक उलटा झाला, दोन गिऱ्हाईकं ताटं सोडून पळाली.

"त्यानं लिवलंय? मासा खात नाय तो! सांग, त्यानं लिवलंय?"

"नाव होतं ना त्याचं! आणि तूच बोललीस आये! हात धड नको म्हणून कोण बोललं? मी?" त्याने भाताचं पातेलं लाथेने उडवलं. वाफाळता भात भिंतीवर बसला. "आता मला मारतेस?"

"बोलले मी. मी बोलले. आन ते नाव तिथं कसं आलं?"

इतका वेळ आईच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा असलेला पोरगा खाली बघायला लागला.

"किर्ती," तो म्हणाला. "रिव्ह्यू मॅनेज करतो तो. अंबरनाथच्या पलीकडे, कॅम्प तीनच्या कारखान्यांत असतो. आपलं पण आधी तोच करायचा. हा एक तारा मात्र मला खरा वाटला."

गल्लीचा पत्ता तेवढा त्याने सांगितला. वेणूने साडी खोचली, नेत्राला बरोबर घेतलं आणि निघाली. अंबरनाथपर्यंत एक रिक्षा, तिथून शेअर रिक्षात चौघींच्या मांडीला मांडी लावून कॅम्प तीन. त्या गल्लीत दोन्ही बाजूंना जीन्सचे कारखाने, गटारातून निळं पाणी वाहतं. एका कारखान्यावरच्या खोलीत किर्ती बसला होता. मूळचा अंबरनाथचा, चाळिशीचा, शर्टाला सुरकुती नसलेला. त्याच्या मागे भिंतीला तार बांधली होती आणि तारेला पन्नासेक फोन लटकत होते, अंगणात बोंबील वाळत घालतात तसे. मधूनच एखादा उजळायचा आणि विझायचा.

"मावशी! फ्लेक्सवर बघितलंय तुम्हाला. बसा ना. आईस्क्रीम मागवू?"

"राजरत्नच्या नावानं तू लिवलंस?"

"मी कशाला लिहू," किर्ती हसला, "ह्यानं लिहिलं." त्याने तारेवरचा एक फोन काढला. पाठीला चिकटपट्टी होती, त्यावर नाव. "हा राजरत्न. हा त्याच बिल्डिंगचा कोणतरी. ही पूर्ण लाइन खरवईची. मावशी, ह्याला मॅनेजमेंट बोलतात. खोट्या नावाला पब्लिक ओळखते. नाव खरं पाहिजे, बिल्डिंग खरी पाहिजे. मग शेजारी पण विश्वास ठेवतो."

"नावं कोनी दिली तुला?"

किर्तीने ड्रॉवरमधून एक कागद काढून तिच्यापुढे टाकला. वेणूला तो वाचता येत नव्हता. नेत्राला आला.

"अक्षर माझं आहे," नेत्रा म्हणाली. "आई, हे आपले चाळीस डबे आहेत. अल्पेश मला म्हणाला, दिवाळीला सगळ्यांना मेसेज पाठवायचाय, यादी काढ."

"बघा. तुमच्याच घरची यादी. पहिले पाच-पाच तारे ह्याच नावांनी मारले, तेव्हा गोड लागले ना? मग अल्पेशशेठ बोलला, मला आता तुझी गरज नाय. समोरच्या टॉवरवाल्या हॉटेलनं मला धरलं. मी काय नवीन नावं शोधत बसू? त्याच फोनमध्ये गेलो, पाचाचा एक केला. एक बटण." त्याने हवेत बोट दाबून दाखवलं. "हे माझं काम आहे ते अल्पेशशेठ ओळखेल असं वाटलेलं मला. त्याचीच यादी, त्याचीच नावं. त्यानं गरिबाचा हात तोडला, त्यात माझी काय चूक?"

बातमी इथपर्यंत आली होती, आणि कुणी मारलं असेल ते ह्याने ओळखलं होतं. आणि हा माणूस तरी हसत होता.

वेणूने तार धरली आणि अंगाचा भार टाकून ओढली. एक खिळा निघाला. फोन खडाखड खाली आले. ती तशीच तार खेचत जिन्याकडे निघाली, मागे पन्नास फोन फरशीवर आपटत घसरत होते. किर्तीने मागून तिचा अंबाडा धरला आणि तिचं तोंड चौकटीवर आपटलं. ओठ फाटला, दात हलला, तोंडात खारट भरलं. तिने तार सोडली नाही. त्याने दुसऱ्यांदा आपटायला डोकं मागे खेचलं तेवढ्यात नेत्राने लोखंडी स्टूल उचलून त्याच्या गुडघ्यावर घातलं. कधी मुंगी न मारलेली पोरगी. किर्ती बसला, तिने आणखी एक घातलं, आणि तिसरं घालायला हात वर गेला तेव्हा वेणूच ओरडली, "बास! आजून एक हात नको मोडायला!"

खाली रंगाचं पिंप होतं. वेणूने तार उचलून सगळी त्यात बुडवली. निळ्या पाण्यात फोन थोडा वेळ उजळत राहिले.

परतीच्या रिक्षात नेत्रा रडत होती. वेणू फाटका ओठ पदराने दाबून बसली होती. "आई, पोलिसांना अल्पेशचं नाव सांगायचं नाही, हो ना? राजरत्नने ओळखलं नाहीये कुणाला," नेत्रा हळूच म्हणाली. "हेल्मेट होती."

वेणूलाही तेच वाटत होतं. उपचाराला काही देऊ, रोजचा डबा इस्पितळात पाठवू, पोराला चार महिने गावाबाहेर ठेवू. एकुलता एक होता. नवरा गेला तेव्हा तीन वर्षांचा होता, मासळीच्या पाटीत निजवून तिने त्याला वाढवला होता. खरवईच्या वळणापर्यंत तिने मनात सगळं पक्कं ठरवलं होतं.

वळणावर गर्दी होती.

इमारतीच्या मागच्या गेटाशी, खानावळीच्या कोपऱ्यालगत, पाच-सहा पोरं हिरामणला मारत होती. वॉचमनची टोपी नाल्यात पडली होती. तो गुडघ्यावर होता, दोन्ही हातांनी डोकं झाकून, आणि एक तगडा पोरगा त्याच्याच काठीने त्याला हाणत होता. "कुणाला दिलीस टिप? माझ्या भावाची टिप कुणाला दिलीस? बोल!" म्हणजे हा आकाश. हिरामणच्या नाकातून रक्ताच्या गुठळ्या पडत होत्या. "मी चहाला गेलो होतो रे," तो एवढंच म्हणत होता, "आई शप्पत, चहाला गेलो होतो." आणि तो चहा प्यायला होता वेणूच्या खानावळीत, रस्त्याकडच्या बाकावर. वेणूनेच दिला होता.

अख्खी इमारत गॅलरीत उभी राहून वरून शूटिंग करत होती.

वेणू रिक्षातून उतरली. नेत्राने तिचा हात घट्ट धरला होता. तो तिने झटकला.

"सोडा त्याला! माझ्या पोरानं मारलंय!"

काठी हवेत थांबली.

"तुझ्या भावाला माझ्या अल्पेशनं मारला. मी सांगितलं म्हनून मारला. हात मोड म्हनून मी बोलले. ह्या बिचाऱ्याला कायपन ठाव नाय."

आकाश दोन पावलं चालत आला. हनुवटीवर अजून नीट दाढी नव्हती. त्याने काठी उचलली, आणि वेणूने डोळे मिटले नाहीत. काठी तिच्या कानाशेजारून गेली आणि मागच्या फ्लेक्समध्ये घुसली, तिच्याच फोटोच्या तोंडात. त्यानंतर पोरं खानावळीत शिरली. पातेली बाहेर आली, काचेच्या बरण्या फुटल्या, लोणच्याचा खार रस्त्यावर पसरला. कुणीतरी डब्यांची फळीच पाडली आणि चाळीस रंगांचे दोरे चिखलात लोळले.

अल्पेश नाल्याकडून धावत आला. हातात सुरमईचा कोयता होता. त्याने समोर फक्त आकाशला पाहिलं आणि कोयता उगारला. वेणू मध्ये आली. पातं तिने उघड्या पंजाने धरलं.

"आये, सरक!"

"आधी मना काप. मग त्याला."

"सरक बोलतो ना!" त्याने हिसका दिला. पातं तिच्या तळहातातून सरकत गेलं आणि तेव्हा कुठे त्याने आईकडे पाहिलं. तिच्या कोपरापर्यंत लाल ओघळ आला होता. कोयता त्याच्या हातून गळाला. तिने तो नाल्यात भिरकावला आणि रक्ताळल्या हाताने लेकाचं मनगट धरलं, लहानपणी बाजारात धरायची तसं. पोलिसांची गाडी येईपर्यंत सोडलं नाही. गाडी आली तेव्हा त्याच मनगटावर हवालदाराचा हात ठेवला आणि म्हणाली, "ह्याला न्या. याच्याबरूबर दोघे होते, त्यांचीपन नावं सांगते. आन जबानीत माझं नाव पयलं लिवा."

अल्पेश गाडीत चढताना तिच्याकडे बघून एकच वाक्य बोलला. "तू माझी आई नाय."

तिने पदर कापल्या हाताला गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी, पोलिसांनी जबानी घेऊन घरी सोडल्यावर, पट्टी बांधलेल्या हाताने ती मोडक्या बाकावर बसली आणि नेत्राला म्हणाली, "त्या रिव्ह्यूखाली लिव. खानावळीच्या नावानं. मी सांगते तसंच."

नेत्राने लिहिलं. 'हे ज्याच्या नावाने आहे त्याने लिहिलेलं नाही. तो मासे खात नाही. त्याचं नाव आम्हीच विकलं. पाच तारे पण खोटे होते. त्याचा हात माझ्या मुलाने मोडला, मी सांगितलं म्हणून. वेणू.'

"आई, हे पाठवलं तर कोर्टात कामाला येईल त्यांच्या. उद्या अल्पेशला सोडवायचं म्हटलं तरी..."

"दाब."

नेत्राचं बोट फोनवर तरंगत राहिलं. शेवटी वेणूने डाव्या हाताने तिचं बोट धरून दाबलं.

खानावळ महिनाभर बंद होती, मग उघडली. चाळीस डब्यांतले सात राहिले. आकडा दीडावर आला, आणि त्यातले अर्धे शिव्या देणारे खरवईचे होते की चंद्रावरचे, हे विचारायची वेणूला गरज वाटली नाही. शालनची साखर तिने एका बरणीत भरून वरच्या फळीवर ठेवली. एकदा चहाला साखर संपली म्हणून नेत्राने तिकडे हात नेला, तर वेणूने तो हात असा फटकारला की चार बोटं उठली. खायची नाही, टाकायची नाही, नुसती ठेवायची. शालनला भेटायला ती दोनदा इस्पितळाच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा तिथूनच परतली. काय तोंडाने आत जाणार होती?

दीड महिन्याने, दुपारची भांडी झाल्यावर, नेत्राच्या फोनने आवाज केला. तिने पाहिलं आणि एकदम उभी राहिली.

"काय झालं?"

"राजरत्न उबाळे. पण हे खातं दुसरं आहे आई, नवीन. त्याचा स्वतःचा फोटो आहे. हात गळ्यात बांधलेला."

"वाच."

"'मी मासे खात नाही.' एवढंच आहे."

"टिंबं हायेत?"

"नाहीत."

वेणूने पाटीतली सुरमई पुढे ओढली. उजव्या हाताची दोन बोटं आता नीट मिटत नव्हती, नवा कोयता डाव्यात धरायची सवय ती करत होती.

"तारे किती?"

नेत्राने फोन तिच्यापुढे धरला. "एक."

"बरूबर हाय," वेणू म्हणाली.

"खाली काही लिहू?"

"नको. त्याचं त्याला ऱ्हाऊ दे."

तिने कोयता उचलला. चार घाव लागले.